ठकूबाईचं गाऱ्हाणं

"पण मावशी, तो देवाचाच आवाज आहे, आपल्या मनाचा खेळ नाही, हे ओळखायचं कसं?"

अनुग्रह शिरसाठनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

एस्तेरमावशी ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं आणि पुढची काडी उचलली.

"तुला काय वाटतं?" त्या म्हणाल्या.

अनुग्रहला हेच हवं होतं. तो सावरून बसला.

"मी यावर प्रबंध लिहिलाय. देवाच्या मार्गदर्शनाच्या पाच खुणा सांगता येतात..."

"पाचच?"

तो थांबला. मावशी थट्टा करताहेत की खरंच विचारताहेत, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

मावशींनी ऐंशी ओलांडली होती. चाळीस वर्षं त्या मिशनच्या बायबलबाई होत्या. उन्हातान्हात, पायी, गावोगाव जायचं आणि बायकांच्या घोळक्यात बसून शास्त्र वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. शिक्षण म्हणाल तर जुनी सातवी. तरी आसपासच्या तालुक्यांतल्या चर्चचे पाळक अडले की मावशींच्या माळेवाडीची वाट धरायचे. मावशींना देवाचं ऐकू येतं, असं लोक म्हणत. मावशी स्वतः तसं कधी म्हणाल्या नव्हत्या.

अनुग्रह पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत पहिला आलेला. सुवर्णपदक मिळवलेला. सेमिनरी त्याला शिकवायला बोलावत होती, आणि इकडे पाच खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना दोन वर्षं पाळक नव्हता. होय की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आज शनिवार. म्हणून तो मोटरसायकलवरून एवढ्या लांब आला होता. पण जे सांगायला आला होता, ते अजून जिभेवर येत नव्हतं. त्याऐवजी पाच खुणाच येत होत्या.

"पहिली खूण म्हणजे अंतःकरणातली शांती," तो म्हणाला. "दुसरी..."

"मावशे! हायेस का घरात?"

कुडापलीकडून एक बाई आली. डोक्यावरचा पदर सारखा करत थेट ओसरीवर टेकली. शेजारची ठकूबाई. तिनं पाहुण्याकडे एकदा पाहिलं, आणि लगेच तिचं सुरू झालं.

"चिंच दे गं बोटभर. आमटीला न्हाई ऱ्हायली. काय सांगू तुला, आज उठल्यापासनं नुसता ताप. शेळीनं दावं तोडलं. समदी कोथमीर खाल्ली. सून माहेरी. एकटीनं कुठं कुठं बघावं?"

"हं," मावशी म्हणाल्या. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

अनुग्रहनं घड्याळ पाहिलं. दुसरी खूण त्याच्या ओठांवर तशीच थांबली होती.

"आन् म्हातारा तर काय बोलूच नको. सकाळधरनं फुगून बसलाय. बोल म्हणलं तर बोलत न्हाई. च्या दिला, तर निम्मा सदऱ्यावर. कालच धुतलेला सदरा गं! ल्हान पोरावानी सांडतोय. मी म्हणलं, मुद्दाम करतोस व्हय?"

"हं..."

"तंबाखू मळाया बसला, तीबी सांडली. मी गोळा करायची का आता?"

बाई मग पुन्हा शेळीवर आली. शेळीवरून सुनेवर, सुनेवरून पाण्याच्या टाकीवर. अनुग्रहनं मान दुसरीकडे वळवली. या गावात सोमवार उजाडेल, त्याला वाटलं. आपण कशासाठी आलो, आणि काय ऐकतोय!

मावशींनी विचारलं, "ठके, सदरा कोणत्या अंगाला भिजलाय?"

"आँ?"

"चहा. कोणत्या बाजूनं सांडतोय?"

ठकूबाईनं आठवून पाहिलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला.

"ह्या... डाव्या."

"तंबाखू कोणत्या हातातली पडली?"

ठकूबाईचं तोंड उघडं राहिलं. तिनं स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

मावशी उठल्या. भिंतीला हात लावून उठायच्या एरवी, आज तशाच उठल्या.

"अनुग्रह, गाडी काढ."

"मावशी, आपलं बोलणं..."

"गाडी."

ठकूबाईचा म्हातारा, भीमाबाबा, शेजारच्या घराच्या पडवीत खांबाला टेकून बसला होता. अर्ध्या चेहऱ्यानं त्यानं पाहुण्याकडे पाहिलं. दुसरा अर्धा चेहरा ओघळल्यासारखा दिसत होता. डावा हात मांडीवर नुसता पडलेला.

गावातली एकुलती जीप बाजाराला गेली होती. मावशींनी आपलं जुनं लुगडं आणलं. म्हाताऱ्याला मोटरसायकलवर अनुग्रहच्या पाठीशी बसवलं, आणि लुगड्याचे दोन वेढे देऊन दोघांना एकत्र बांधलं. मागं ठकूबाई बसली. तिनं नवऱ्याला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं.

"मिशनच्या दवाखान्यात ने," मावशी म्हणाल्या. "सकाळपासून असं आहे, हे पहिलं सांग."

चौदा किलोमीटरचा रस्ता. निम्मा खडीचा.

म्हाताऱ्याचं डोकं अनुग्रहच्या खांद्यावर आदळत होतं. लाळेनं त्याचा शर्ट पाठीवर ओला झाला. पहिल्यांदा त्याला शिसारी आली, आणि त्या शिसारीची लाज वाटली.

मग म्हातारा त्याच्या कानाशी काहीतरी बोलू लागला.

"ठ... ठ..."

शब्द फुटत नव्हता. अनुग्रहनं वेग कमी केला. मान थोडी मागं नेली.

"काय, बाबा?"

"ठ... के..."

"पाणी हवंय?"

"ठके..."

अनुग्रहनं पुन्हा ऐकलं. गाडीचा आवाज, वारा, खडी, या सगळ्यातून ती दोन अक्षरं त्यानं वेचून काढली. बाबाला मागं कोण धरून बसलंय ते दिसत नव्हतं. कदाचित डाव्या अंगाला तिचा हातही कळत नव्हता.

"आहे, बाबा. तुमच्या मागंच बसलीय ठकूबाई. बरोबर आहे आपल्या."

म्हाताऱ्याचं पुटपुटणं थांबलं. दवाखाना येईपर्यंत त्यानं डोकं अनुग्रहच्या खांद्यावर शांत टेकून ठेवलं.

आपण इतकं कान देऊन शेवटचं कुणाचं ऐकलं होतं? अनुग्रहला आठवेना.

दिवेलागणीला तो माळेवाडीत परतला. मावशी दारातच उभ्या होत्या.

"अर्धांगाचा झटका होता," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरं केलंत, आणखी उशीर झाला असता तर हातातून गेला असता. औषध सुरू केलंय. मी निघालो तेव्हा डाव्या हाताची बोटं हलवली त्यानं. दोन बोटं. ठकूबाई तिथंच थांबल्यात."

मावशींनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्या आत गेल्या, आणि भाकरी नि मेथीची भाजी घेऊन आल्या.

"जेव."

तो जेवायला बसला. दोन घास खाल्ले, आणि हात थांबला.

"मावशी, मीही इथंच बसलो होतो. तिचा शब्दन् शब्द माझ्याही कानावर पडला. मला नुसतं शेळीचं गाऱ्हाणं ऐकू आलं."

"शेळीचंही होतं की त्यात."

"तुम्हाला कसं कळलं? देवानं आतून सांगितलं?"

"ठकीनं सांगितलं."

"पण..."

"अरे, ठकीनं सांगितलं."

पलीकडे शेळी ओरडली. मावशी उठून कुडाजवळ गेल्या, तिला पाला टाकून परत आल्या.

आता अनुग्रहच्या तोंडात पाच खुणा नव्हत्या. जे सांगायला आला होता, तेच उरलं होतं.

"मावशी, मी या आठवड्यात तीन दिवस उपास केला. सेमिनरी की खेडी, एवढंच विचारत होतो. गुडघे सोलून निघाले." त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "एक शब्द आला नाही. काहीच नाही... इतकी वर्षं त्याच्याविषयी बोलतोय मी लोकांशी. आणि तो माझ्याशी बोलतच नाही."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. ठकूबाईचं गाऱ्हाणं ऐकताना पाहिलं होतं, तसंच.

"तीन दिवस कुठं होतास?"

"खोलीत. दार लावून."

"कुणी आलं नाही?"

"कुणाला येऊच दिलं नाही. आईला सांगून ठेवलं होतं, हाक मारू नको म्हणून. अगदी शांत हवं होतं मला. फक्त तो फोन तेवढा वाजायचा मधूनमधून. रोज सकाळी. त्या पाच खेड्यांतलंच कुणीतरी असावं. मी काही घेतला नाही. शेवटी बंदच करून..."

तो बोलता बोलता थांबला.

मावशींनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग मांडी घालून त्याच्यासमोर बसल्या, जरा पुढं वाकल्या, आणि अगदी हळू म्हणाल्या,

"कुणाचा होता रे फोन?"