निळ्या पाण्याची विहीर

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. आमच्या आजोबांच्या आजोबांनीसुद्धा ती ऐकलेलीच होती. तेव्हा तांबडटेक गावाच्या दाराशी जंगल होतं, माणसं दारं उघडी टाकून झोपत, आणि पाणी मात्र अर्ध्या कोसावर होतं. गावाला विहीर नव्हती.

एका उन्हाळ्यात कोंडबा बेलदार आणि त्याची बायको सारजा गाढवांवर संसार लादून गावात आली. अवचितराव पाटील त्यांना म्हणाले, "हिरीले पानी लागलं त घराले जागा देईन. कायमची."

सारजेचा जन्म पालात झाला होता, लग्नही पालातच. आपली म्हणावी अशी एक भिंत असावी, एवढंच तिला आयुष्यात हवं होतं. त्या दिवशी आनंदानं तिला घास गेला नाही, असं म्हणतात.

कोंडबा खाली खणायचा आणि सारजा टोपल्या वर ओढून काठावर ढीग घालायची. प्रत्येक दगड ती हातात घेऊन बघायची. तिच्या बापानं तिला तसं शिकवलं होतं. वरचा दगड निघाला तांबडा, हलका, करपलेल्या भाकरीसारखा भोकाभोकांचा. त्याखाली निघाला हिरवागार, आणि हिरव्यात गडद निळे ठिपके. गावातल्या बायका ते खडे पोरींना खेळायला नेऊ लागल्या. सारजा मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली.

आता शाळेतली मुलंही सांगतात, की तांबडा दगड म्हणजे लोखंडाचा गंज, आणि हिरव्या-निळ्यात तांबं, हवेतला कर्बवायू आणि पाणी यांची हजारो वर्षांची सोयरीक. त्याच्याही खाली तांबं आणि गंधक असलेला दगड असतो. त्याला हवा-पाणी लागलं, की त्याचं मोरचूद होऊन पाण्यात उतरतं. सारजेला हे काही ठाऊक नव्हतं. असा दगड लागला, की बाप खड्डा बुजवून पाल उचलायचा, एवढंच तिला आठवत होतं.

आठव्या दिवशी पाणी लागलं. निळसर, नितळ पाणी. कोंडबाची पहार रात्रभर त्यात राहिली आणि सकाळी वर काढली, तर हातभर तांब्याची झालेली. मग काय, सगळं गाव लोटलं. कुणी विळा बुडवला, कुणी कोयता, आणि सगळ्यांना तांब्याचा रंग चढला. देव पावला म्हणून पाटलांनी तिथेच पूजा मांडली. पहिलं तीर्थ लेकरांना द्यायचं ठरलं. दिलेल्या शब्दाला जागून सारजेच्या घरासाठी चार खुंट्याही ठोकून झाल्या.

सारजेनं त्या खुंट्यांकडे पाहिलं, मग रांगेत ओंजळ धरून उभ्या असलेल्या लेकरांकडे पाहिलं, आणि पदर खोचून ती पुढे आली.

"पाटीलबाबा, हे पानी लेकरायले पाजू नोका. यात तांबं इरघळलं हाये. लोखंडावर चढते ते पोटात बी चढन."

"मंग हिरीचं काय करू?"

"बुजवा."

पाटील हसले. "हीर बुजली त जागा बी गेली. समजलं?"

"समजलं," सारजा म्हणाली, आणि तिनं काठावरच्या ढिगाला खांदा लावला.

"सारजे, आपलं घर..." कोंडबा एवढंच बोलला. मग तोही तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. आठ दिवसांचा ढीग तो, दोन माणसांनी हलणार कसा? पण असं म्हणतात, की तो आपण होऊन हलला आणि बघता बघता विहीर काठापर्यंत भरून गेली.

गाव खवळलं. खुंट्या उपटल्या गेल्या. दिवस कलायच्या आत ती दोघं गाढवं हाकत निघून गेली. सारजा वेशीपर्यंत एकदाही रडली नाही आणि वेशीबाहेर गेल्यावर फार रडली, असं म्हणतात.

पाटलांनी मात्र सकाळीच एक घागर घरात लपवून ठेवली होती. देवघरात बसून, डोळे मिटून, ते मोठ्या भक्तीनं दोन तांबे पाणी प्याले. तीन दिवस ते हिरवं ओकत होते. चौथ्या दिवशी उठता आलं, तसं त्यांनी चारी दिशांना माणसं पाठवली. सारजा काही सापडली नाही. एकाच दिवशी सात गावांत तिला गोड्या पाण्याची विहीर खणताना पाहिलं, असं म्हणतात.

तेव्हा पाटलांनी स्वतः चिखल तुडवून, खुंट्या ठोकल्या होत्या त्याच जागेवर सारजेचं घर बांधलं.

तांबडटेकला आजही नव्या विहिरीत आधी विळा सोडतात, आणि तो लोखंडाचाच राहिला तर मगच लेकरांना पाणी देतात. पण मला जास्त आवडतं ते सारजेचं घर. त्याला कुलूप नाही. दिवाळीआधी सगळ्या गावच्या बायका ते सारवतात, आणि पालावरची माणसं आली की तिथेच उतरतात. ग्रामपंचायतीत नवा ग्रामसेवक आला, की तो रजिस्टरमधलं पहिलं नाव खोडायला निघतो आणि गाव त्याला खोडू देत नाही. घर क्रमांक एक, सारजा कोंडबा बेलदार. पुढे शेऱ्यात लिहिलंय, सध्या बाहेरगावी.