उंटाने जपलेली वाट

जंगलातल्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, मुलांनो. ही गोष्ट जंगलातली नाही. झाड दिसले की पाहुणा भेटल्यासारखा आनंद होतो, अशा एका वाळवंटातली आहे. तिथे एका जुन्या शमीच्या झाडाखाली एक कासवी राहत असे. शेजारी वाळूचे उंच टेकाड होते आणि टेकाडापलीकडे खाऱ्या पाण्याचे मोठे तळे. दर हिवाळ्यात लांब पायांचे, गुलाबी पंखांचे रोहित पक्षी दूरदेशाहून त्या तळ्यावर येत. ते उतरू लागले की त्यांचा कलकलाट शमीपर्यंत ऐकू येई. कासवीने तो जन्मभर ऐकला होता, पण पक्षी एकदाही पाहिले नव्हते. ती टेकाड चढू लागली की पायाखालची वाळू सरके आणि बिचारी जिथून निघाली तिथेच परत येई, तीही पुष्कळदा उताणी!

एकदा ससा, साळिंदर आणि उंट शमीच्या सावलीत बसले असताना ती म्हणाली, "आता माझं वय झालं. खायला-प्यायला मला काही कमी नाही. फक्त एकदा वर जाऊन ते पक्षी उतरताना बघावेत, एवढी एकच हौस राहिली आहे बघा."

ससा कान टवकारून म्हणाला, "खरंच की! आपण पाण्यासाठी धावतो, चाऱ्यासाठी धावतो, नाहीतर जिवाच्या भीतीनं धावतो. नुसतं फिरायला म्हणून आपल्यापैकी कोण कधी कुठं गेलंय? चला, टेकाडावर जायला एक वाट करू. सगळ्यांची, फिरायची वाट."

कल्पना सर्वांना आवडली आणि लगेच भांडणही सुरू झाले. चांगल्या कामाची सुरुवात बहुधा अशीच होते. उंट म्हणाला, वाट सरळ हवी आणि चांगली रुंद हवी. ससा म्हणाला, वळणांशिवाय फिरण्यात मजा ती काय! साळिंदर म्हणाले, मधे कुठे सावली नसेल तर मी येणारच नाही. शेवटी असे ठरले की, कासवीने पुढे चालावे आणि जिथे तिला दम लागेल तिथे वाटेने वळण घ्यावे. म्हणजे तिला झेपेल ती वाट सगळ्यांनाच झेपेल.

मग काम जोरात सुरू झाले. साळिंदराने आटलेल्या डबक्यातली चिकणमाती उकरली, उंटाने ती पाठीवरून वाहिली, सशाने उड्या मारमारून पसरली आणि पुन्हा उंटानेच आपल्या पसरट पायांनी तुडवून घट्ट केली. ज्या बाजूने वारा येई, त्या बाजूला बोरीची काटेरी झुडपे होती. वाट त्यांच्या आडोशाने वर चढवली. हिवाळा यायच्या आत ती तयार झाली. रोज ऊन कलले की सगळे फिरायला निघत. ससा पुढे पळे आणि परत येऊन कासवीला वरच्या गमती सांगे. कासवी रोज थोडी थोडी जास्त चढू लागली. वर पोहोचायला आता थोडकेच उरले होते.

"कासवीताई, पक्षी येईपर्यंत तू नक्की माथ्यावर असशील," साळिंदर म्हणाले.

"तुमच्या तोंडात साखर पडो," कासवी म्हणाली.

वाटेची देखभाल कुणीतरी करायला हवी होती. उंटाने सर्वांत जास्त कष्ट उपसले होते म्हणून ते काम सर्वांनी त्यालाच दिले. उंटावरचा शहाणा तुम्हाला ठाऊक असेलच, मुलांनो. इथे आता उंटच शहाणा झाला! त्याचे वाटेवर मनापासून प्रेम होते, यात शंका नाही. पण प्रेम करावे तरी किती? सकाळ-संध्याकाळ तो मान खाली घालून वाट न्याहाळू लागला आणि त्याला जिकडेतिकडे चरे दिसू लागले.

"ससेभाऊ, तुमची नखं माती उकरतात," तो म्हणे. "साळिंदरदादा, तुमचे काटे रेघा ओढतात." आणि कासवीला तर त्याने सरळच सांगितले, "ताई, राग मानू नका. पण तुमचं कवच खाली घासतं आणि वाटेवर केवढाले ओरखडे पडतात!"

कासवीला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी ती पोट उचलून चालायला गेली आणि पहिल्या वळणाच्या आतच थकून बसली.

अखेर एके दिवशी उंटाने जाहीर केले, "रोहित पक्षी येतील त्या दिवशी आपली वाट आरशासारखी दिसली पाहिजे. तोवर कुणी तिच्यावर पाऊल टाकायचं नाही!" एवढे बोलून तो थांबला नाही. त्याने कडेची बोरीची झुडपे मोडमोडून आणली आणि वाटेच्या तोंडाशी त्यांचा ढीग रचला. बोरीचे काटे तोंडात धरणे एका उंटालाच जमते. बाकीच्यांनी नुसते नाक लावले तरी रक्त येई. त्यामुळे वाट बंद झाली ती बंदच राहिली. उंट स्वतःही तिच्यावर गेला नाही. तो प्रामाणिक होता, आणि म्हणूनच कुणाला त्याच्याशी भांडता येईना.

मग वारा सुटला. वाळवंटातला वारा आला की लवकर जात नाही. रोज वाळू उडत राहिली आणि सगळे आपापल्या बिळात, आडोशाला अंग चोरून बसले. वारा मंदावला त्या दिवशी दुपारी ससा धापा टाकत आला. "आले! क्षितिजावर गुलाबी रांग दिसली! संध्याकाळपर्यंत उतरतील!"

उंट ऐटीत पुढे झाला. त्याने एकेक फांदी दातांत धरून बाजूला केली आणि तो वळून म्हणाला, "या मंडळी! बघा, कशी जपली आहे!"

पण फांद्यांमागे वाट नव्हतीच. पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसती वाळू पसरली होती. अति तिथे माती म्हणतात, इथे अति तिथे वाळू झाली होती.

"असं कसं झालं?" उंट म्हणाला. "मी तर एक पाऊलसुद्धा पडू दिलं नव्हतं!"

"तिथंच चुकलं, उंटदादा," साळिंदर म्हणाले. "रोज आपण चालत होतो, तेव्हा आलेली वाळू आपल्याच पायांनी बाजूला होत होती. आणि वारा अडवणारी झुडपं तर तूच मोडलीस."

उंटाने मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ससा हळूच म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षाचे बोलणे सशाला सोपे होते. म्हातारी कासवी मात्र सरळ वाळूत शिरली आणि नेहमीच्या सवयीने पोट घासत चालू लागली. थोडे अंतर गेली आणि एकदम थांबली. तिच्या कवचाखाली काहीतरी कठीण लागत होते.

"अरे, वाट कुठं गेली नाही!" ती ओरडली. "इथंच आहे, वाळूखाली! या सगळे!"

मग काय विचारता! कासवी पुढे आणि तिच्या मागे सगळी मंडळी. कासवीचे कवच वाळू दोन्ही बाजूंना लोटू लागले, साळिंदराचे काटे ती विंचरून काढू लागले, ससा मागच्या पायांनी उडवू लागला. उंटाने बोरीच्या साऱ्या फांद्या तोंडात धरधरून वाऱ्याच्या बाजूला ओळीने खोचल्या. ज्या काट्यांनी त्याने वाट अडवली होती, त्याच काट्यांनी आता तो वारा अडवत होता. त्याचे ओठ सोलवटले, पण तो थांबला नाही.

शेवटच्या वळणाशी कासवीचे पाय गळून गेले. ऊन पिवळे होत आले होते आणि पलीकडून ओळखीचा कलकलाट ऐकू येऊ लागला होता.

उंट तिच्याजवळ गुडघे टेकून बसला. "ताई, माझं चुकलं. माझ्या पाठीवर बसा, चार ढांगांत पोहोचवतो."

"पोहोचवशील रे बाबा," कासवी धापा टाकत म्हणाली, "पण ही वाट आपण चालायला केली ना? तू फक्त वाऱ्याच्या बाजूला उभा राहा."

उंट आपले सगळे अंग आडवे करून भिंतीसारखा उभा राहिला. त्याच्या सावलीतून कासवी एकेक पाऊल टाकत माथ्यावर पोहोचली.

खाली तळे चमकत होते. आणि आकाशातून ते येत होते, माना लांबवलेले, थव्यामागून थवे. त्यांनी पंख उघडले की सारे आकाश गुलाबी होई आणि ते पाण्यावर टेकले की तळे गुलाबी होई. कासवी बघत राहिली. "इतके सुंदर असतात होय!" एवढेच ती म्हणाली आणि आनंदाने रडू लागली. ससा चुळबुळ करायचे विसरला.

अंधार पडण्याआधी सगळे परतायला वळले. माथ्यावरून संपूर्ण वाट दिसत होती. तिच्यावर सशाच्या नखांचे ठसे होते, साळिंदराच्या रेघा होत्या, उंटाचे पसरट पाय उमटले होते आणि मधोमध कासवीच्या कवचाचा एक लांबच लांब ओरखडा पायथ्यापर्यंत गेला होता.

"बघ, किती खराब केली मी तुझी वाट," कासवी हसून म्हणाली.

उंट त्या ओरखड्याकडे बघत म्हणाला, "ताई, उद्या पुन्हा असाच ओरखडा काढायला या. रोज या."

तात्पर्य : जे सर्वांचे असते ते बंद करून ठेवल्याने टिकत नाही; सर्वांनी मिळून वापरले आणि सांभाळले, तरच ते टिकते.