कुंभारणीच्या बंद खोल्या

किडामुंगीलाही भांडायला सवड होती, त्या काळातली गोष्ट. खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशी आणि मधमाशी यांची चांगलीच जुंपली होती.

"आमच्या पोळ्यात हजार जणी नांदतात," मधमाशी म्हणत होती. तिला दुसऱ्याच्या घरात डोकवायची भारी हौस. "आणि तुझं हे काय गं? एक अंडं, एक खोली, वर तोंड लिंपून बंद. लेकरं आहेत की कैदी?"

कुंभारीण मातीची गोळी दाबत राहिली. तळं आटलं होतं, म्हणून ओल्या मातीसाठी सकाळपासून पार नदीपर्यंत खेपा चालल्या होत्या. अजून दोन अंडी घालायची होती, आणि अंगात त्राण उरलं होतं ते जेमतेम एका खोलीपुरतं.

"दोनच अंडी उरलीत ना? घाल दोन्ही एकाच खोलीत. खाऊ भरपूर ठेव. निदान एकमेकींना सोबत होईल," मधमाशी म्हणाली.

सोबत हा शब्द कुंभारणीला लागला. ती स्वतः अशाच खोलीत वाढली होती. भिंतीपलीकडे बहीण कुरतडताना ऐकू यायची, पण तिचं तोंड कधी दिसलं नाही.

"तुमच्याकडे भरवायला दाया आहेत, बाई. माझी लेकरं अंधारात पुढ्यात येईल ते खातात. खाऊ कुठला नि बहीण कुठली, त्यांना कळत नाही."

"शिकतील की हळूहळू."

कुंभारणीने पंख झटकले आणि पुन्हा नदीकडे तोंड केलं. "गेल्या साली तुझ्यासारख्याच एका शहाणीचं ऐकून मी दोन अंडी एका खोलीत घातली, आणि दार फोडून बाहेर आली ती एकच, चांगली गुबगुबीत."