गरम मोटारीचे दुखणे

एकदा एका वृद्ध मिस्त्रीच्या शिष्याचा थोरला भाऊ अचानक वारला. मागे राहिली त्याची भाड्याने चालवायची जुनी मोटार. ती सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होई. पण तापल्यावर बंद केली, की तासभर हूं की चूं करत नसे. वहिनी म्हणाली, "भाऊजी, असली गाडी कोण चालवायला घेणार? सोमवारी भंगारवाला येतोय."

शिष्य पेटून उठला. दादाची गाडी घणाखाली जाणार, ही कल्पनाच त्याला सोसवेना. गाडी अडली की ती निवेपर्यंत तो थांबे, मग गॅरेजात आणून हाताला लागेल ते बदले. बॅटरी बदलली, पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले. दर वेळी गाडी झटक्यात सुरू होई आणि पुढच्या फेरीत पुन्हा दगा देई.

रविवारी भर दुपारी वृद्ध म्हणाला, "चल, घाट चढू."

अर्ध्या चढणीवर गाडी चांगली तापली. वृद्धाने तिला कडेला घ्यायला लावले आणि हात लांब करून सरळ किल्ली फिरवली. इंजिन बंद!

"वस्ताद, डोकं फिरलं का तुमचं? आता ही सुरू व्हायची नाही!"

"म्हणूनच बंद केली. उतर."

बॉनेट उघडताच धग तोंडावर आली. वृद्धाने एक वायर काढून तिला जादा प्लग लावला आणि तो इंजिनाच्या लोखंडावर टेकवला. "मार किल्ली." इंजिन घरघरले, पण प्लगवर ठिणगी नव्हती. मग त्याने खांद्यावरचा पंचा पाण्यात बुडवून घट्ट पिळला आणि ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर गुंडाळला. तापाने फणफणलेल्या कपाळावर घडी ठेवावी, तसा. पंच्यातून वाफ निघाली. ती विरेपर्यंत वृद्धाने पंचा आणखी एकदा भिजवला.

"मार आता."

प्लगवर निळी ठिणगी तडतडली. निपचित पडलेल्याने डोळे उघडावेत, तसे ते होते.

"कॉइल? ती तर मी दोनदा तपासली, वस्ताद. चांगली निघाली."

"थंड असताना तपासलीस. तापली की तिच्या आतली तार सुटते, निवली की जुळते. गाडी तळमळत होती तेव्हा तू सावलीत जाऊन बसलास. तळमळ संपल्यावर विचारलंस, काय होतंय? ती काय सांगणार, लेका? धगीतलं दुखणं धगीतच कळतं. हात पोळतो, पण तिथंच घालावा लागतो."

शिष्याने पंचा पुन्हा भिजवला आणि स्वतःच्या हाताने त्या तापल्या कॉइलवर गुंडाळला.

नवी कॉइल बसवून संध्याकाळी त्याने गाडी घरी नेली, बंद केली आणि तापलेलीच पुन्हा सुरू केली. तो आवाज ऐकून वहिनी धावत दारात आली आणि उंबऱ्यावरच कोसळून हुंदके देऊ लागली. एरवी तिला रडू फुटले, की तो पायात चपला सरकवून बाहेर पडे आणि ती शांत झाल्यावर परते. आज तो तिच्याशेजारी खाली बसला. 'गप्प व्हा' म्हणाला नाही.

"बोला, वहिनी."

"फाटकाशी आले की ते दोनदा हॉर्न वाजवायचे," ती म्हणाली. "मी रोज ओरडायचे, लेकरू उठेल म्हणून."

त्याचाही बांध फुटला. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसले.

"उद्या त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगा, भाऊजी."