वेगवान पचन

एक रान होतं. त्याला सिंह राजा होता, म्हणून मंत्रिमंडळ होतं. आणि मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होते, म्हणून नाइलाजानं एक दवाखानाही होता. उंबराखालच्या त्या दवाखान्यात सगुणाबाई साळिंदर एकट्याच परिचारिका. त्यांचे काटे पाहूनच निम्मे रोगी बरे होऊन पळतात, असं रानात गमतीनं म्हणत.

एका उन्हाळ्यात रानात जुलाबांची साथ आली. ससे, चितळं, माकडं; रांगेत उभं राहायचंही त्राण कुणात उरलं नाही. एका सशिणीचं धाकटं पिल्लू सगुणाबाईंच्या मांडीवरच गेलं. बाई उठल्या आणि ओढ्याच्या काठाकाठानं वर चालत गेल्या. वरच्या अंगाला राजगुहेतल्या मेजवान्यांची हाडं-आतडी पाण्यात कुजत पडली होती.

त्यांनी आरोग्यमंत्री दंताजीराव तरसांना गाठलं. "साहेब, ओढा नासलाय. पाणवठा बंद करा."

"बाई, संकटात खंबीर नेतृत्व लागतं," दंताजीराव म्हणाले आणि त्यांनी खंबीरपणे सभा घेतली.

"बंधूंनो, भगिनींनो! आपल्या रानात जुलाब नाहीत! शेजारच्या रानाला एक घास पचवायला दोन दिवस लागतात. आपण अर्ध्या तासात पचवतो! याला म्हणतात वेगवान पचन!"

"वेगवान पचन, रानाची शान!" माकडांनी घोषणा दिली आणि घाईघाईनं झुडपाआड गेली.

महाराजांच्या सहीनं फतवा निघाला. 'जुलाब' शब्द उच्चारणाऱ्याला शिक्षा. ओढ्याचं नाव 'अमृतवाहिनी'. अहवालात सशिणीच्या पिल्लापुढे शेरा पडला: 'स्थलांतरित'.

तो शेरा वाचून सगुणाबाईंचे सगळे काटे ताठ झाले.

त्यांनी कुणाला विचारलं नाही. चार रानडुकरं बोलावली आणि लांबच्या कोरड्या नाल्यात, वाळूत स्वच्छ पाण्यासाठी झिरा खणायला लावला. ओढ्याकडे कुणी फिरकू नये म्हणून पाणवठ्याच्या वाटेवर स्वतःचे काटे उपटून रोवले. उपटताना डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बाई, दुखतंय का?" एका रानडुकरानं विचारलं.

"तू खण."

चार दिवसांत साथ ओसरू लागली. तेवढ्यात दंताजीराव धापा टाकत आले. महाराज आपल्याच फतव्यावर विश्वास ठेवून अमृतवाहिनीचं पाणी प्यायले होते.

"बाई, लवकर चला! महाराजांना... म्हणजे महाराजांचं..."

"काय झालंय?"

दंताजीरावांनी चारी बाजूंना पाहिलं. "पचन फारच वेगवान झालंय."

"अभिनंदन," सगुणाबाई म्हणाल्या. पण झिऱ्याचं पाणी घेऊन निघाल्या. रोगी तो रोगी.

महाराज बरे झाले. दूरदृष्टीबद्दल दंताजीरावांना 'आरोग्यरत्न' मिळालं आणि झिऱ्यावर त्यांच्या नावाची पाटी लागली. बाईंना विनापरवाना खोदकामाची नोटीस आली.

पुढे निवडणूक लागली. दवाखान्याला कुलूप घालून सगुणाबाईंची ड्युटी मतदान केंद्रावर लावण्यात आली. एक म्हातारं सांबर रांगेतून पुढे आलं, उमेदवारांची यादी दोनदा वाचून हळूच म्हणालं, "बाई, आम्ही जगलो ते तुमच्यामुळं. यात तुमचं नाव कुठाय?"

सगुणाबाईंनी त्याच्या खुराला शाई लावली.

"पुढे सरका, आजोबा. रांग मोठी आहे."