वैशाखातली दवंडी

फार पूर्वी वेळुवती नगरीवर रुचिसेन राजाचे राज्य होते. त्या जन्मी बोधिसत्त्व नगरीबाहेरच्या दलदलीत सारस पक्षी होऊन राहत होते. डोंगरातला ओढा तिथे येऊन पसरे. आषाढात सारसीने लव्हाळ्यांत दोन अंडी घातली. चारी बाजूंना पाणी असले की कोल्हा घरट्याकडे फिरकत नाही, म्हणून सारस भर पाण्यात संसार थाटतात.

श्रावण लागला आणि ओढा एकाएकी आटला. वर खिंडीत राजाचा स्थपती दंडक याने बंधारा घालून सगळे पाणी मातीच्या नळांतून राजाच्या उद्यानात नेले होते. तिथे चाळीस कारंजी उडत होती. इकडे चिखलात मासे तडफडत होते, आणि एके सकाळी कोल्ह्याची पावले घरट्यापासून दहा हातांवर उमटलेली दिसली.

"तू अंड्यांवरून हलू नकोस," सारस म्हणाला. "मी विचारून येतो."

"कोणाला विचारणार? आपलं ऐकतंय कोण?"

"ज्याच्या कारंज्यांसाठी हे झालं, त्यालाच."

राजसभेत त्याचे गाऱ्हाणे ऐकून दंडकाच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. "महाराज, सगळं रीतसर झालंय. काम सुरू करण्याआधी रिवाजाप्रमाणे जागेवर तीन दिवस दवंडी पिटली. ज्याची हरकत असेल त्यानं पुढं यावं, म्हणून. चिटपाखरूही आलं नाही." त्याने भूर्जपत्र उलगडून दाखवले. त्यावर लिहिले होते: जागा ओसाड, हरकत नाही.

सारसाच्या अंगाचा तिळपापड झाला. बोधिसत्त्व झाले म्हणून काय, असे ऐकून कोणाला राग येणार नाही?

"दवंडी पिटलीत कधी?"

"वैशाखात."

"वैशाखात दलदल सुकते. आम्ही दूरच्या डोहावर जातो, बेडूक चिखलाखाली निजतात, मासे वरच्या कुंडात दडतात. घरात कोणी नाही असं बघून तुम्ही दारात ढोल बडवलात!" मग तो राजाकडे वळला. "महाराज, वैशाखात आपण कुठे असता?"

"डोंगरावरच्या वाड्यात. इथला उकाडा सोसत नाही."

"सगळी सभा घेऊन?"

"हो."

"मग पुढच्या वैशाखात मी या सिंहासनापाशी तीन दिवस ओरडेन. कोणी ओ दिली नाही, की हा राजवाडा ओसाड. इथं दलदल करायला कोणाची हरकत नसावी."

सभेत कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. राजाचा चेहरा उतरला. तो समजुतीने म्हणाला, "तुझं घरटं उद्यानातल्या तळ्यात हलवू. पाणी भरपूर, रात्रंदिवस पहारा."

सारसाला ती दहा हातांवरची पावले आठवली. हो म्हणणे किती सोपे होते.

"आणि मासे? बेडूक? पाणमांजरं? त्यांना पंख नाहीत, महाराज. ते इथवर येऊ शकत नाहीत. ओढा त्यांचाही आहे. एकट्यासाठी मला तळं नको."

राजा उठून उभा राहिला. बंधारा आत्ताच्या आत्ता फोडा, आणि यापुढे पाण्याच्या जागी दवंडी पाणी असतानाच पिटा, अशी त्याने आज्ञा दिली.

सूर्य कलायच्या आत ओढा दलदलीत शिरला. सारस परतला तेव्हा सारसी रक्ताळलेल्या पंखांनी एकाच अंड्यावर बसली होती. दुसऱ्याचे कवच बाजूला फुटून पडले होते. पाणी चढत आले आणि ते कवच वाहून गेले.

एवढी कथा सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, "तो राजा म्हणजे आजचे स्थविर सुदंत. ती सारसी म्हणजे भिक्षुणी क्षेमावती. सारस मीच होतो. आणि दंडक म्हणजे हा समोर बसलेला भिक्षू कुंडक. यानेच परवा विहाराच्या आंबराईसाठी ओढा अडवला आणि तिथे काहीच नव्हतं, असं संघाला सांगितलं. आपलं घर वाचत असताना दुसऱ्याच्या घरासाठी उभं राहणं, ही मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

कुंडक तोवर उठला होता. कोपऱ्यातली कुदळ घेऊन तो ओढ्याकडे निघाला.