पास्कूचं पियानोफोर्ते

वसईकडच्या एका गावात सगळे शहाणे होते, आणि एक पास्कू होता. भोळा म्हणजे किती? सांगतोच.

ह्या पास्कूला इनास मास्तरांची रेजिना हवी होती. रेजिनालाही पास्कूच हवा होता, आता बोला! मास्तर चर्चमध्ये पियानो वाजवायचे. ते म्हणाले, "दोन घोळ माफ. तिसरा घातलास, तर लग्न मोडलं."

चर्चचा नवा पियानो टेम्पोतून उतरवायचा होता. मास्तरांनी ज्ञान पाजळलं, "ह्याचं खरं नाव पियानोफोर्ते. इटालियनमध्ये पियानो म्हणजे हळू, फोर्ते म्हणजे जोरात. आधीच्या पेट्या एकाच आवाजात बोलायच्या. हा दोन्ही करतो, म्हणून तिकडच्या लोकांनी नावच तसं ठेवलं."

पास्कूने नाव नीट लक्षात ठेवलं. पियानो आधी हळूऽऽ उतरवला. मग जोरात सोडला.

"मेल्या, पाय मोडला!"

"माझा नाही, मास्तर. पियानोचा."

"एक घोळ झाला! यापुढे माझ्याकडे सगळं पियानो. हळू!"

"हो, मास्तर," पास्कू हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरामागचा पेंढा पेटला. पास्कूने पाहिलं. चपला काढल्या, पाय न वाजवता आत गेला, मास्तरांचं जेवण होईपर्यंत थांबला. मग कानाशी कुजबुजला, "मास्तर, पेंढा पेटलाय."

"कधी?"

"तुम्ही जेवायला बसलात तेव्हा."

पेंढ्याची राख झाली. मास्तर लालबुंद! "दोन झाले! गाढवा, अशा वेळी फोर्ते! 'आग लागली, धावा' म्हणून बोंब ठोकायची!"

"अस्सं! जोरात बोलायचं ते हे होय!" पास्कूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

लग्नाच्या दिवशी चर्च गच्च भरलं. पास्कू मनाशी घोकत होता, एक घोळ, आणि रेजिना गेली!

फादरनी विचारलं, "रेजिनाचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस?"

"हो," पास्कू म्हणाला. अगदी पियानो.

"ऐकू आलं नाही. जोरात बोल."

जोरात काय बोलायचं, ते तर पाठच होतं.

"आग लागलीऽऽ! धावाऽऽ!"

एकच पळापळ! वऱ्हाडी दारातून, बँडवाले खिडकीतून, मास्तर सगळ्यांच्या पुढे, आणि गाऊन वर धरून नवरी मास्तरांच्याही पुढे. आग कुठेच नाही म्हटल्यावर सगळे धापा टाकत परतले.

"तिसरा घोळ! मोडलं लग्न!" मास्तर ओरडले.

"पण बाबा, तो हळूच 'हो' म्हणाला होता," रेजिना म्हणाली. "मी ऐकलं."

फादरनी डोकं खाजवलं. "मग अर्धं लागलं म्हणायचं. पियानो झालं, फोर्ते राहिलं."

पास्कूने लगेच छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

मास्तरांनी झेप घेऊन दोन्ही हातांनी ते दाबलं. "लागलं रे बाबा, लागलं! सगळं लग्न लागलं!"